सिलिअ‍ॅक आजार: गव्हाची पोळी बंद झाली, मग परवडणारं काय खायचं?

'आता आयुष्यभर गहू बंद' असं डॉक्टरांनी सांगितलं की अनेक घरांत आधी 'ग्लूटेन-फ्री' पाकिटांचा शोध सुरू होतो. ही पाकिटं साध्या पिठापेक्षा बरीच महाग असतात. पण पुण्याजवळचं बावधन ज्या मुळशी तालुक्यात येतं, तो आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदळासाठी ओळखला जातो. ज्वारी-बाजरीची भाकरीही महाराष्ट्राला नवी नाही. यातल्या कशातच ग्लूटेन नसतं. मग अडचण कुठे येते?

हा आजार काय आहे?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअ‍ॅक आजारात ते पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. त्यामुळे जुलाब, पोटफुगी, सतत कमी राहणारं हिमोग्लोबिन, मुलांची खुंटलेली वाढ अशा तक्रारी दिसतात. ग्लूटेन पूर्ण बंद करणं हाच यावरचा उपचार आहे.

आधी तपासणी, मग पथ्य

निदानासाठी रक्ततपासणी आणि गरजेनुसार आतड्याची बायोप्सी करतात. त्याआधीच गहू सोडला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

स्वस्तात काय खाता येईल?

- भात, वरण, उसळी, भाज्या, अंडी, मासे, दूध
- ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची भाकरी
- पोहे, साबुदाणा, वरी, राजगिरा
- घावन, आंबोळी, डोसा, उकडीचे मोदक

ग्लूटेन कुठे लपतं?

- गिरणी: गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की गव्हाचं पीठ मिसळतं. जातं वेगळं असलं, तरी पीठ हवेत उडतंच. फक्त बिनगव्हाची धान्यं दळणारी घरघंटी हा सुरक्षित उपाय. ती दोन-तीन घरांत मिळून घेता येते. तोवर डाळ-तांदूळ भिजवून मिक्सरवर वाटलेले पदार्थ सोयीचे.
- हिंग: डबीतल्या हिंगात अनेकदा मैदा असतो. घटकांची यादी वाचा.
- भाजणी आणि मेतकूट: दोन्हींत बऱ्याचदा गहू असतो.
- खपली गहू: 'पचायला हलका' म्हणून विकला जातो, पण त्यातही ग्लूटेन असतंच.
- रवा, शेवया, माल्टची पेयं: पहिल्या दोन गव्हाच्या, माल्ट बहुधा जवाचा.

सुटं धान्य निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा. पोळपाट-लाटणं, तवा आणि परात वेगळी ठेवा.

पाकीट घ्यायचंच असेल तर?

एफएसएसएआयच्या नियमानुसार 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. 'मल्टीग्रेन' किंवा 'मिलेट' लिहिलेल्या बिस्किटांत मात्र गहू असू शकतो.

बाहेर खाताना

लग्नाच्या पंगतीत 'थोडं खाल्लं तर काय होतं?' हा आग्रह ठरलेला. पण त्रास लगेच जाणवला नाही तरी थोड्या ग्लूटेननेही आतड्याला इजा होऊ शकते. पुऱ्या तळलेल्या तेलातली भजीही टाळा. शिऱ्याचा प्रसाद नाकारणाऱ्या मुलाला आग्रह करू नका. ते नखरे करत नाही, पथ्य पाळतंय.