खाजनाचा हिशेब



नफा आणि निसर्ग यांची सांगड उद्योगधंद्यांना घालता येईल काय, असा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना आपली दृष्टी सहसा परदेशी कारखान्यांकडे वळते. परंतु गोमंतकातील शाळेत हा विषय मांडताना एवढे दूर जाण्याचे कारण नाही. मांडवी आणि जुवारीच्या काठी त्याचे एक जुने उत्तर चिखलमातीच्या बांधाच्या रूपाने आजही उभे आहे. मी खाजन शेतीविषयी बोलत आहे.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर जमीन खाजनाची मानली जाते. भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही दलदल आपल्या पूर्वजांनी माती, गवत आणि जांभा दगड यांचे बांध घालून लागवडीखाली आणली. बांधात जागोजागी 'मानस' बसविली. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचे पाणी बाहेरून आदळले की तिची दारे मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात जमिनीतील खार धुऊन निघे आणि खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट जातीच्या भाताचे पीक येई. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरली जाई. उन्हाळ्यात काही ठिकाणी मीठही पिके. अशा रीतीने एकाच जमिनीतून भात, मासळी व मीठ हे तिन्ही जिन्नस मिळत.

ह्या व्यवस्थेला केवळ शेती म्हणणे अपुरे ठरेल. ती एक संस्था होती. तिचे नाव गावकरी. पोर्तुगीज अमलात तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. १५२६ साली आफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या चालीरीती व हक्क यांची नोंद करणारी 'फोराल' ही सनद तयार केली. म्हणजे परकी सत्ता येण्यापूर्वीच ही पद्धत नांदत होती. शेतांचा आणि मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई. आलेल्या रकमेतून सरकारी कर, बांधांची डागडुजी आणि गावाचा सामाईक खर्च भागविला जाई व जे उरेल ते 'झोण' म्हणून गावकरांत वाटले जाई. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी बांध आणि मग वाटप. निसर्ग राखण्याचा खर्च हा दानधर्म नव्हता. नफा मोजण्यापूर्वी वजा करावयाची ती पहिली रक्कम होती.

तथापि गतकाळाचे गोडवे गाताना सत्य झाकू नये. झोण मूळ गावकर घराण्यांतील पुरुषांना मिळे. ज्यांनी डोक्यावरून चिखल वाहून बांध उभे केले, त्या कष्टकऱ्यांचा त्यात वाटा नसे. म्हणूनच मुक्तीनंतर १९६४ साली झालेला कूळ कायदा न्यायाला धरून होता. त्याने कसणाऱ्याला हक्क दिला आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे सोपविली. काही संघांनी ती निष्ठेने पार पाडली. अनेक संघ मात्र कागदावरच राहिले. पुढे भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा झाला. कित्येक ठिकाणी मानशीची दारे मुद्दाम उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले गेले. बांध फुटले, शेते नापीक झाली. जमीन तीच आणि पाणीही तेच होते. हिशेबाचा क्रम तेवढा उलटला होता.

हीच उलटापालट आपण खाणींच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर पाहिली. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिजाने अनेक घरांत चूल पेटती ठेवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु शेतात उतरलेला खाणींचा गाळ आणि आटलेल्या विहिरी ह्यांची किंमत कोणत्याही ताळेबंदात आली नाही. अखेर २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. २०१८ साली पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने खाणकाम पुन्हा थांबले. त्या काळात ट्रकवाल्याने आणि बार्जवरील खलाशाने जे सोसले, तो निसर्गाचा खर्च आधी न मोजल्याचाच दंड होता. पण खर्च न मोजणारे एक आणि दंड भरणारे दुसरेच होते.

'आधी बांध, मग वाटप' हा गावकरीचा जुना नियमच त्या निधीच्या आदेशात पुन्हा अवतरला, असे मला वाटते. गावाने जे आपण होऊन केले, ते करण्यासाठी आपल्याला न्यायालयाचा हुकूम लागला, एवढाच फरक. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेनेही खाजनांना विशेष संरक्षण दिले आहे. परंतु अधिसूचना पहाटे उठून मानशीची दारे तपासायला जात नाही. त्यासाठी माणूसच लागतो, आणि त्याचे पोट त्या कामावर भरावे लागते.

ह्या शाळेतून बाहेर पडलेले आपण पुष्कळजण आज व्यापारात, बँकांत, कारखान्यांत आहात. आपल्या वार्षिक हिशेबात बांधाची रक्कम कोणत्या ओळीवर येते, वाटपाच्या आधी की नंतर, एवढे एकदा पाहावे, ही माझी विनंती. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, त्यांना ह्याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.