मर्यादवेल : आपल्या किनाऱ्याचा मूक इतिहास

इतिहास म्हटला की तारापूर, शिरगाव, केळवे येथील किल्ले आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. पोर्तुगीज आले, १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजा आल्या, राज्ये बदलली. परंतु या किल्ल्यांहून कितीतरी जुनी अशी एक तटबंदी आपल्या किनाऱ्यावर आहे आणि तिची नोंद कोणत्याही बखरीत सापडत नाही. ती म्हणजे वाळूच्या टेकड्या.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळले, पाणी चढत आले आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावले. मग लाटांनी शिंपल्यांचा चुरा आणि खडकाची रेती काठावर आणून टाकली, वाऱ्याने ती आत लोटली. नुसती रेती मात्र टिकत नाही. तिला थोपवून धरले ते वनस्पतींनी.

त्यांत अग्रणी मर्यादवेल. भरतीच्या रेषेलगत, तापलेल्या खारट वाळूत ती पसरते आणि पेरापेरांतून मुळे सोडते. तिचे बी समुद्रावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागते. तिने वाळू बांधली की मागे केवडा आणि झुडपे येतात. वेलीच्या आडोशाला वाळूच्याच रंगाचा खेकडा बीळ करतो. समुद्री कासवाची मादी भरतीच्या वर अशाच वाळूत अंडी घालते. टेकडीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने त्यावर तरंगून राहते. किनाऱ्यालगतच्या वाड्यांतील विहिरी गोड राहतात, त्या याच्याच बळावर.

या वेलीचा ग्रंथांतील इतिहासही वाचनीय आहे. मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. आरंभीच्या कामात कार्मेल संघाचे इटालियन धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचे साहाय्य होते. रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोकणी वैद्यांची नागरी लिपीतील साक्ष त्यात छापलेली आहे. अकराव्या खंडात मर्यादवेलीचे चित्र आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तिच्या दुभंगलेल्या पानावरून ‘बकरीचे पाऊल’ अशा अर्थाचे लॅटिन नाव तिला दिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर ब्लॅटर (१८७७–१९३४) आणि फादर सांतापाव (१९०३–१९७०) यांनी पश्चिम भारताच्या वनस्पतींचा अभ्यास केला. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह तेथे आहे.

कायद्याने मात्र या टेकड्यांची दखल फार उशिरा घेतली. फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. रोजगार हवा, हे कोणी नाकारणार नाही. तथापि काय गमावतो आहोत, याचा हिशेब मांडण्याचे धैर्यही हवे.

दोष केवळ मोठ्या प्रकल्पांचा नाही. घराच्या भरावासाठी आपणच रेती उपसतो, समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट करतो. मग पाणी वाडीत शिरले की दगडी बंधारा मागतो! सुरूची बने आपण सद्हेतूने लावली. पण त्या परक्या झाडाच्या दाट पाचोळ्याखाली मूळच्या वेली गुदमरतात.

परमेश्वराने वाळू ही सागराला मर्यादा म्हणून घातली, असे यिर्मया संदेष्टा सांगतो. आपल्या पूर्वजांनी तर ही मर्यादा राखणाऱ्या वेलीला तेच नाव देऊन ठेवले. समुद्राने ती मर्यादा हजारो वर्षे पाळली. आता प्रश्न आपला आहे.