वायर जिथे संपते

१९६८ साली नऊ माणसं एकेकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघाली. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने लावलेली ही शर्यत, नाव ‘गोल्डन ग्लोब’. नऊपैकी एकच परतला. त्याची बोट आपल्या मुंबईत बांधलेली होती. मी खोपटला राहतो, खाडी हाकेच्या अंतरावर, पण ही गोष्ट मला नोकरी लागल्यावर कळली.

बोटीचं नाव ‘सुहैली’. लांबी ३२ फूट, सागवानी लाकूड, दोन डोलकाठ्या. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ती पाण्यात उतरली. मुंबईच्या सुतारांनी ती वाकसाने तासून आणि कमानीने फिरवायच्या ड्रिलने भोकं पाडून घडवली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर अधिकारी होता. शर्यतीसाठी त्याला खरं तर ५३ फुटी नवी पोलादी बोट हवी होती. पैसे लावायला कुणी तयार होईना, म्हणून तो जुनीच घेऊन निघाला. वय २९.

याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, दिशा शोधायचं ‘नेव्हिकेटर’ नावाचं यंत्र बनवून विकणारा. त्याची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ तीन सांगाड्यांची, वेगवान बोट होती. अशी बोट एकदा उलटली की सरळ होत नाही. त्यावर त्याने उपाय काढला होता: बोट कलंडतेय हे सेन्सरला कळणार, कॉम्प्युटर आदेश देणार, डोलकाठीच्या टोकावरची हवेची पिशवी फुगणार आणि बोट आडवीच थांबणार. डिझाइन म्हणून वाचताना मला ते आजही आवडतं.

पण निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८ होती आणि क्रोहर्स्ट त्याच दिवशी निघाला. बोटभर वायरी पसरल्या होत्या, त्यांच्या टोकाला कॉम्प्युटर मात्र नव्हता. माघार घ्यायचीही सोय नव्हती, कारण शर्यत सोडली तर बोटीचे पैसे त्यालाच फेडावे लागणार होते. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला बोट सापडली, रिकामी. तो कधीच सापडला नाही.

‘सुहैली’वर सगळं सुरळीत चाललं होतं, असं मात्र समजू नका. ती गळत होती. नॉक्स-जॉन्स्टनने समुद्रात बुड्या मारून फळ्यांच्या फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. आफ्रिकेच्या दक्षिणेला वादळात बोट आडवी झाली, पिण्याचं पाणी खराब झालं. पुढे रेडिओ गेला. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू हीच त्याच्याकडची मोठी सुधारणा. ऑस्ट्रेलियाजवळ तेही मोडलं. पुढचं जवळजवळ अर्धं जग त्याने शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून ठेवून पार केलं. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तो इंग्लंडला पोचला.

दोघांच्याही बोटीवर वस्तू बंद पडल्या. फरक पडला तो पुढे. एकाचं सुकाणू मोडल्यावर बोट मंदावली, पण चालत राहिली. दुसऱ्याच्या बोटीचा भरवसाच न बनलेल्या भागावर होता. ऑफिसात कुणी नवं टूल आणायचं म्हणतं तेव्हा मी म्हणून दोन प्रश्न विचारतो: हे बंद पडलं तर उरलेलं चालेल का? आणि रात्री दोनला एकटा माणूस ते दुरुस्त करू शकेल का?

यावरून ‘जुनं तेच चांगलं’ असा निष्कर्ष काढाल, तर २०१८ ची शर्यत आठवा. ‘गोल्डन ग्लोब’ पन्नास वर्षांनी पुन्हा झाली. नियम १९६८ च्या काळातले: जीपीएस वापरायचं नाही, ताऱ्यांवरून आणि कागदी नकाशांवरून वाट काढायची. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी ‘सुहैली’चीच प्रतिकृती घेऊन उतरले. ही ‘थुरिया’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस यार्डात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. त्यांना जागचं हलता येईना.

साधेपणाने तिथे त्यांना वाचवलं नाही. वाचवलं ते उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्राने. आणीबाणीसाठी तेवढी सूट नियमांत होती. नौदलाच्या पी-८आय विमानाने मॉरिशसहून जाऊन बोट शोधली आणि २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने त्यांना उचललं.

ते यंत्र बोट हाकत नव्हतं. बंद पडलं असतं तरी प्रवास अडला नसता. पण बाकी सगळं संपल्यावर तेच एक उपयोगी पडलं. अशा वस्तूसाठी छोट्या बोटीवर जागा करायलाच हवी, मग बिस्किटांचे चार डबे कमी न्यावे लागले तरी चालतील.

क्रोहर्स्टवर हसणं सोपं आहे. डेडलाइन, कर्ज आणि अर्धवट सिस्टिम हे त्रिकूट ज्याने जवळून पाहिलंय, त्याला ते जमणार नाही. नॉक्स-जॉन्स्टनही हसला नाही. त्याला मिळालेलं ५,००० पौंडांचं बक्षीस त्याने क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकलं.