बंदुकीवरचं नाव खरं बोलतं का?

आजचा भाग जरा डिटेक्टिव्हगिरीचा आहे. समजा, तुमच्यासमोर एकोणिसाव्या शतकातली एक ब्रिटिश लष्करी रायफल ठेवलीये. ती कुठे बनली, कोणी बनवली, हे कसं ओळखायचं? सोपं वाटतं, वरचं नाव वाचा की झालं. पण नाव हा फक्त दावा असतो. तो बाकीच्या पुराव्यांशी जुळतोय का, हे बघणं हेच खरं काम.

१८५३ च्या पॅटर्नची एनफिल्ड घेऊ. १८५७ च्या काडतुसांच्या वादातली, तोंडाकडून ठासायची रायफल ती हीच. हिच्या घोड्याखाली एक पोलादी पट्टी असते, तिला लॉकप्लेट म्हणतात. तिच्यावर अनेकदा मुकुट, साल आणि 'टॉवर' असा शब्द दिसतो. वाटतं, लंडनच्या टॉवरमध्ये बनली असणार. तर नाही! अशा बऱ्याच रायफली बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांच्या. नळी एकाची, लॉक दुसऱ्याचं, दस्ता तिसऱ्याचा, आणि सरकारी तपासनीसांचे ठसे वेगळे. प्रत्यक्ष कारागिरांची नावं किंवा आद्याक्षरं सापडतात नळीच्या खालच्या अंगाला आणि लॉकच्या आत. म्हणजे बाहेरून दिसणारच नाहीत अशा जागी.

पट्टीवर 'एनफिल्ड' असेल तर गोष्ट बदलते. १८५० च्या दशकात तिथल्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रं बसवली गेली आणि सुटे भाग एकसारखे निघू लागले. एका रायफलीचा भाग दुसरीला बसायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण हाताने कानस मारून भाग जुळवण्याच्या काळात ही मोठी क्रांती होती.

आता नकली मालाकडे येऊ. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदम खेल नावाचं गाव आहे. तिथले आणि आसपासचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हाताने ब्रिटिश रायफलींच्या नकला बनवत आलेत, ठशांसकट! ठसा मारणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसलं की स्पेलिंग चुकतं, 'एन' अक्षर उलटं पडतं. आणखी एक हमखास खूण म्हणजे 'व्ही. आर.', म्हणजे व्हिक्टोरिया राणीची मुद्रा, आणि खाली साल १९०५. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली! २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या कित्येक परदेशी सैनिकांनी अशा बंदुका अस्सल समजून घेतल्या. पण मला विचाराल तर या 'खोट्या' नाहीत. त्या दर्र्याच्या अस्सल बंदुका आहेत, फक्त बनवणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलेलं नाही.

आणि आता असा पुरावा, जो कुठल्याच ठशात नाही. नळीत टॉर्च मारून बघा. रायफलीच्या नळीत आतून पीळदार आटे असतात, त्यांनी गोळी फिरते आणि लांबवर नेमकी जाते. पण काही बंदुका बाहेरून हुबेहूब एनफिल्ड दिसतात आणि नळी आतून साफ गुळगुळीत असते. झिजून नाही, मुद्दाम! १८५७ नंतर इंग्रजांचा हिंदी शिपायांवर भरवसा उरला नव्हता. म्हणून त्यांच्यासाठी ०.५७७ ऐवजी ०.६५६ इंच व्यासाची, बिनआट्याची नळी आणि मागे साधी, न हलणारी माशी, असं मॉडेल काढलं. बंदूक दिली, पण लांबचा नेम काढून घेतला.

हे धोरण पुढेही टिकलं. २७ जुलै १८८० ला मैवंदच्या लढाईत ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या पायदळाकडे जुन्या स्नायडर. शत्रू एकच, मैदान एकच, हत्यार एक पिढी मागचं.

त्यामुळे म्युझियममध्ये गेलात तर पाटीवर थांबू नका. पट्टी, ठसे, साल, माशी, सगळं एकमेकांशी ताडून बघा. आणि कुणाच्या वाड्यात अशी बंदूक निघालीच, तर ती भरलेली नाही ना, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्या, परवान्याचं विचारा, आणि कृपा करून पॉलिश पेपर मारू नका. गंज परवडला. घासून गेलेला ठसा परत येत नाही, आणि त्यासोबत बर्मिंगहॅमच्या त्या कारागिराचं उरलेलं एकमेव नावही जातं.

भेटूया पुढच्या भागात!