मुंबईचा इंग्रजी रुपया घाटावर चालेल का?

आज आपण १६७८ सालचा एक चांदीचा रुपया बघू. असं नाणं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मधोमध इंग्रजी अक्षरांत 'मुंबईचा रुपया' या अर्थाचा मजकूर, आणि जोडीला दुसऱ्या चार्ल्स राजाचं नाव. अक्षरं विलायती, पण नाणं शिलिंग नाही बरं का, रुपया आहे. असं का, ते समजून घ्यायला आपल्याला रायगडावर आणि जुन्नरला जावं लागतं.

मुंबईत इंग्रजांची टाकसाळ १६७२ मध्ये, गव्हर्नर ऑंजियरच्या काळात सुरू झाली. चांदीच्या नाण्याला त्यांनी 'अँग्लिना' म्हटलं, तांब्याच्याला 'कॉपरून', कथलाच्याला 'टिनी'. नावं ठेवणं सोपं होतं. पण बेटाबाहेर ही नाणी घेणार कोण?

जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर आला, तो तहाची कलमं घेऊन. त्यातलं एक असं की मुंबईचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांचं उत्तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुठलंही नाणं चालायला आमची मनाई नाही. मात्र ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्या, असा हुकूम आम्ही देणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं कसदार आणि वजनाला पुरं असेल, तर ते आपोआप चालेल. आमच्या मते त्या तहातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. राजाने नाण्याची पारख सराफाच्या काट्यावर सोडली!

पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर जुन्नरला आला. तिथल्या मोगल सुभेदाराने त्याला उपचारासाठी बोलावलं होतं. खाली कल्याण महाराजांचं, वर जुन्नर आणि शिवनेरी मोगलांकडे, म्हणजे एक घाट चढला की राज्य बदललं. याच डोंगरातल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेत हजारोंनी कार्षापण मोजलेले आहेत. तिथला दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असं लोक सांगतात. अशा जुन्या बाजाराच्या वाटेवर लॅटिन किंवा इंग्रजी मजकूर वाचणार कोण? सराफ नाणं तोलणार, कस बघणार, बट्टा कापणार.

१६७६ मध्ये चार्ल्स राजाने नाणी पाडायची सनद दिली, आणि आपला हा रुपया त्यानंतरचा. पण लंडनची सनद घाटावर काय कामाची? पुढे विल्यम आणि मेरी यांच्या नावाचे रुपये फारसी अक्षरांत पाडून बघितले. लिपी ओळखीची, राजा परका. मोगलांना ते खपलं नाही. इंग्रज आपल्या राजाच्या नावाने नाणी पाडतात, ही तक्रार खाफीखानाच्या इतिहासात आलेली आहे.

शेवटी १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाची परवानगी मिळाली, आणि मुंबईच्या टाकसाळीतून इंग्रजच मोगल बादशहाच्या नावाचे रुपये पाडू लागले. इंग्लंडच्या राजाचं नाव आणि मुखवटा घेऊन कंपनीचा रुपया सगळीकडे निघाला तो थेट १८३५ मध्ये. तोवर पेशवाई जाऊन सतरा वर्षं झाली होती.