गटप्रकल्प

गटप्रकल्प म्हणजे महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दोन किंवा अधिक विद्यार्थ्यांनी मिळून ठरावीक मुदतीत पूर्ण करावयाचे आणि ज्याला बहुधा एकत्रित गुण दिले जातात असे काम होय. अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, व्यवस्थापन, वास्तुकला, समाजकार्य अशा अनेक शाखांत तो रूढ आहे. विद्यार्थ्यांना सहकार्याने काम करता यावे हा त्याचा हेतू असला, तरी कामाची असमान वाटणी आणि सर्वांना मिळणारे समान गुण यांमुळे तो असंतोषाचाही नेहमीचा विषय ठरला आहे. एकट्याने काम करताना माणूस जितका प्रयत्न करतो, त्यापेक्षा गटात कमी करतो, या प्रवृत्तीला सामाजिक मानसशास्त्रात ‘सामाजिक आळस’ असे म्हणतात. या प्रवृत्तीवरील संशोधनातून असे दिसते, की तिचे कारण केवळ व्यक्तीच्या स्वभावात नसते. कोणी किती काम केले हे झाकून टाकणारी कामाची रचनाही तिला कारणीभूत असते.

उद्देश आणि पार्श्वभूमी

प्रकल्पाद्वारे शिक्षण ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पुढे आली. जॉन ड्यूई यांच्या विचारांचा प्रभाव असलेले शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘द प्रोजेक्ट मेथड’ हा निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याने मनापासून स्वीकारलेले हेतुपूर्ण कार्य हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

उच्च शिक्षणात गटप्रकल्पांना बळ मिळाले ते मुख्यतः व्यावसायिक शिक्षणाच्या निकषांमुळे. अभियांत्रिकी शिक्षणाच्या समकक्षतेसाठी असलेल्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला. भारतात या कराराच्या चौकटीत अभ्यासक्रमांचे मूल्यांकन राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ (एनबीए) करते. पदवीधराच्या अंगी अपेक्षित असलेल्या गुणांमध्ये स्वतंत्रपणे आणि संघाचा सदस्य म्हणून काम करण्याची क्षमता यांचा समावेश असल्याने महाविद्यालयांना तिचा पुरावा अभ्यासक्रमातून दाखवावा लागतो. याखेरीज मोठ्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र मार्गदर्शक आणि स्वतंत्र उपकरणे देणे अवघड असते, हेही गट करण्यामागचे एक व्यावहारिक कारण आहे.

महाराष्ट्रातील स्वरूप

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाचा प्रकल्प साधारणपणे तीन ते पाच विद्यार्थ्यांचा गट करतो. गटाला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून दिला जातो. विद्यार्थ्यांच्या बोलीत त्याला ‘गाइड’ म्हणतात. विषयनिवड, सारांश सादर करणे, आढावा बैठका, प्रत्यक्ष रचना किंवा आज्ञावलीलेखन, अहवाल आणि शेवटी तोंडी परीक्षा असे त्याचे टप्पे असतात. बांधीव अहवाल त्याच्या काळ्या पुठ्ठ्यामुळे मुंबई परिसरात ‘ब्लॅक बुक’ या नावाने ओळखला जातो. तोंडी परीक्षेस अंतर्गत परीक्षकासोबत बहुधा बाह्य परीक्षकही असतो.

गट कसे बनतात यावर पुढचे बरेच अवलंबून असते. काही ठिकाणी हजेरीक्रमांकानुसार गट पाडले जातात, काही ठिकाणी ते विद्यार्थ्यांवर सोडले जाते. विद्यार्थ्यांनी स्वतः गट निवडल्यास मैत्री आणि वसतिगृहातील शेजार यांना महत्त्व येते, चांगले गुण मिळवणारे एकत्र येतात आणि ज्यांना कोणी घेतले नाही अशांचा एक उरलेला गट तयार होतो. हजेरीक्रमाने पाडलेल्या गटात हा भेद टळतो. परंतु रोज लोकलने किंवा एस.टी.ने लांबून येणारा विद्यार्थी आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी यांच्या वेळा जुळवणे हीच पहिली अडचण होऊन बसते.

तक्रारींचे स्वरूप

गटप्रकल्पाविषयीच्या तक्रारी सर्वसाधारणपणे पुढील प्रकारच्या असतात.

फुकटचा वाटा: एखादा सदस्य बैठकांना येत नाही, नेमून दिलेले काम करत नाही, पण अहवालावर त्याचे नाव असते आणि गुणही तेवढेच मिळतात.

एकट्यावर येणारा भार: मुदत जवळ आली की ज्याला गुणांची सर्वाधिक काळजी आहे तो उरलेले काम अंगावर घेतो. काम पूर्ण होते, त्यामुळे शिक्षकाला काहीच बिघडलेले दिसत नाही. तक्रार केली तर मैत्री तुटण्याची भीती असते आणि न केली तर पुढच्या सत्रातही हेच घडते.

तुकड्यांची जोडणी: प्रत्येकाने आपले प्रकरण वेगळे लिहिले आणि शेवटच्या रात्री ते एकत्र चिकटवले, की परिभाषा, आकृत्यांचे क्रमांक आणि निष्कर्ष यांचा मेळ बसत नाही. तोंडी परीक्षेत एका सदस्याला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारल्यास ही फट उघडी पडते.

मक्तेदारी: एखादा कुशल सदस्य इतरांच्या हाती काम देतच नाही, किंवा त्यांनी केलेले काम न सांगता पुन्हा करतो. इतरांची शिकण्याची संधी जाते आणि पुढे त्यांनाच निष्क्रिय ठरवले जाते.

दुय्यम कामांची वाटणी: टंकलेखन, मांडणी, छपाई, बांधणी अशी कामे ठरावीक सदस्यांकडे, अनेकदा विद्यार्थिनींकडे, जातात आणि तांत्रिक काम इतरांकडे राहते. परीक्षेत प्रश्न तांत्रिक भागावर येत असल्याने बराच वेळ देऊनही अशा सदस्यांचे श्रम मोजले जात नाहीत.

प्रयत्न घटण्याची कारणे

फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी १८८० च्या दशकात विद्यार्थ्यांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सारणीनुसार एकट्याचा जोर १०० मानल्यास दोघांच्या गटात प्रत्येकाचा वाटा ९३, तिघांच्या गटात ८५ आणि आठ जणांच्या गटात ४९ इतका खाली येतो. या घटीस ‘रिंगेलमान परिणाम’ म्हणतात. सर्वांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, हे रिंगेलमान यांनी त्याचे मुख्य कारण मानले होते.

१९७४ साली ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग वेगळ्या रीतीने केला. डोळे बांधलेल्या व्यक्तीला मागे आणखी लोक आहेत असे भासवले, परंतु ते लोक दोर प्रत्यक्षात ओढत नव्हते. समन्वयाचा प्रश्नच नसताना तिचा जोर तरीही कमी झाला. १९७९ साली बिब लॅटाने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या आणि आरोळ्या देववल्या. दोघांच्या गटाने क्षमतेच्या ७१ टक्के, चौघांच्या गटाने ५१ टक्के आणि सहा जणांच्या गटाने ४० टक्के आवाज केला. काल्पनिक गटांशी तुलना केल्यावर या घटीचा काही भाग समन्वयाच्या अभावाचा आणि काही भाग प्रेरणेच्या अभावाचा असल्याचे त्यांनी दाखवले. सामाजिक आळसाची संज्ञा या निबंधामुळे रूढ झाली.

याच संशोधकांनी १९८१ साली आणखी एक बाब दाखवली. गटात असतानाही आपला आवाज स्वतंत्रपणे मोजला जात आहे असे सांगितल्यावर सहभागी व्यक्तींनी पूर्ण जोर लावला. उलट एकटे असतानाही तो मोजला जात नाही असे वाटल्यास जोर कमी झाला. म्हणजे निर्णायक ठरते ती गटाची उपस्थिती नव्हे, तर वैयक्तिक वाटा ओळखू येणे. राजाच्या आज्ञेवरून रात्री हौदात प्रत्येकाने एकेक घागर दूध ओतायचे ठरते आणि सकाळी हौदात नुसते पाणी आढळते, या लोककथेतही हीच जाण आहे.

नॉर्बर्ट कर यांनी १९८३ साली दाखवले, की सक्षम असूनही काम न करणाऱ्या जोडीदारासोबत काम करावे लागले, तर दुसरी व्यक्तीही आपला प्रयत्न कमी करते. आपण एकटेच भरडले जाऊ नये, ही त्यामागील भावना होय. त्यामुळे एकाचा आळस गटात पसरतो. याच्या उलट, काम महत्त्वाचे वाटत असेल आणि सहकाऱ्यांकडून अपेक्षा नसेल, तर व्यक्ती एकटीच्या वेळेपेक्षाही अधिक काम करते, असे विल्यम्स आणि स्टीव्हन कॅरो यांना १९९१ साली आढळले. एकाच गटातील एक विद्यार्थी अंग काढून घेतो आणि दुसरा रात्रभर जागतो, याचा उलगडा या दोन निष्कर्षांतून होतो. कॅरो आणि विल्यम्स यांनी १९९३ साली ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. काम अर्थपूर्ण वाटणे, गटाविषयी आपुलकी असणे आणि आपल्या वाट्यावाचून काम अडेल अशी जाणीव असणे यांमुळे सामाजिक आळस कमी होतो, असे त्यांनी नोंदवले.

वाट्याविषयीचे गैरसमज

आपणच सर्वाधिक काम केले, असे गटातील अनेकांना एकाच वेळी वाटू शकते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली विवाहित जोडप्यांना घरातील कामांतील आपापला वाटा विचारला, तेव्हा दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत एकूण वाट्यापेक्षा अधिक भरली. स्वतः केलेले काम सहज आठवते आणि दुसऱ्याने केलेले डोळ्यांआड राहते, हे त्याचे एक कारण होय. म्हणून गटातील तक्रार प्रामाणिक असली तरी ती अचूक असेलच असे नाही.

दिसणारी निष्क्रियताही नेहमी आळसातून येत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत चालणाऱ्या चर्चेत गप्प राहतो. शिकत असताना नोकरी करणारा सायंकाळच्या बैठकीस येऊ शकत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्याला घरी काम नेता येत नाही. कामे वाटताना हे विचारले गेले नाही, तर अडचण आणि कामचुकारपणा यांतील फरक पुसला जातो.

उपाय

लहान गट: सदस्यसंख्या वाढली की परस्परांशी संपर्क ठेवण्याच्या जोड्या झपाट्याने वाढतात. चौघांत अशा ६ जोड्या असतात, तर आठ जणांत २८. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) या ग्रंथात आज्ञावलीनिर्मितीसंदर्भात हा मुद्दा मांडला आहे.

लेखी करार: आरंभीच कोणते काम कोणाचे, बैठका केव्हा, मुदत चुकल्यास काय करायचे आणि शिक्षकाकडे केव्हा जायचे, हे गटाने लिहून सही करून देणे. तक्रार मग व्यक्तीविरुद्ध न राहता ठरलेल्या गोष्टीविषयी होते.

कामाच्या नोंदी: साप्ताहिक नोंदवही, तसेच आज्ञावलीच्या किंवा सामायिक दस्तऐवजाच्या बदलांचा आपोआप राहणारा इतिहास यांवरून कोणी काय आणि केव्हा केले हे कळते.

तोंडी परीक्षेत सर्व भागांवर प्रश्न: कोणत्याही सदस्याला कोणत्याही भागावर प्रश्न विचारला जाईल असे आधी जाहीर केल्यास सदस्य एकमेकांना आपला भाग समजावून देतात. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे विकसित केलेल्या ‘जिगसॉ’ पद्धतीतही प्रत्येकाकडे माहितीचा असा एक तुकडा असतो, की त्याच्याकडून शिकल्याशिवाय इतरांचे चालत नाही.

सहाध्यायी मूल्यमापन: सदस्य एकमेकांच्या सहभागास गुणांकन देतात आणि त्यानुसार गटाचे गुण विभागले जातात. उदाहरणार्थ, गटाला ५० पैकी ४० गुण मिळाले आणि चार सदस्यांना सहाध्यायींकडून मिळालेले सरासरी गुणांकन ४.५, ४.५, ४ आणि ३ असे असेल, तर गटाची सरासरी ४ येते. प्रत्येकाच्या गुणांकनास ४ ने भागून ४० ने गुणल्यास त्यांना अनुक्रमे ४५, ४५, ४० आणि ३० गुण मिळतात.

मर्यादा

सहाध्यायी मूल्यमापनात मित्र एकमेकांना सरसकट समान गुणांकन देतात किंवा एखाद्याला एकटे पाडले जाते. हे मूल्यमापन केवळ शेवटी घेतल्यास सुधारणेस वाव उरत नाही. म्हणून ते प्रकल्पाच्या मध्यावर एकदा, गुणांशिवाय, घेणे अधिक उपयुक्त मानले जाते. बदलांच्या नोंदीवरून ओळींची संख्या कळते, विचाराचे मोल कळत नाही. ज्याने चूक शोधून दहा ओळी गाळल्या त्याचा वाटा अशा मोजणीत लहान दिसतो. प्रत्येक हालचालीची नोंद ठेवू लागल्यास सहकार्याची जागा हिशेब घेतो. मराठीत सामायिक जबाबदारीच्या बेजबाबदारपणाला ‘बारभाईंची खेती’ म्हणतात आणि एकजुटीच्या बळाला ‘गाव करी ते राव न करी’. गटप्रकल्पाला या दोन्ही शक्यता लागू पडतात. प्रत्येकाचा वाटा दिसावा, पण काम सर्वांचे राहावे, असा तोल साधणे हे प्रकल्प नेमणाऱ्या शिक्षकाचे काम ठरते.

हेही पाहा

सामाजिक आळस
रिंगेलमान परिणाम
सहकारी अध्ययन
प्रकल्प पद्धती