देवाच्या शपथेविना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

निवडणुका होऊन नवी विधानसभा भरली की सुरुवातीला सभासदांचा शपथविधी असतो. कोणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतो, कोणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत. ज्याला जे पटेल ते त्याने म्हणावे. ऐकणाऱ्यांचे तिकडे लक्षही जात नाही. पण असा दुसरा पर्याय मागितला म्हणून इंग्लंडमध्ये एका माणसाला कोठडी पाहावी लागली, धक्काबुक्की सोसावी लागली आणि एकाच जागेवर लागोपाठ पाच वेळा निवडून यावे लागले. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉचा जन्म १८३३ सालचा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील एका वकिलाकडे कारकून. मुलगा मोठा भाविक, चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचा. पाद्रीसाहेबांनी त्याला धर्मदीक्षेची तयारी करायला सांगितले. त्याने ती जरा जास्तच मन लावून केली! चार शुभवर्तमाने आणि इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे शेजारी ठेवून वाचली, तर काही गोष्टी जुळेनात. त्याने नम्रपणे पत्र लिहून पाद्रीसाहेबांकडे खुलासा मागितला. खुलासा आला नाही; मुलगा नास्तिक झाला आहे, असे पत्र वडिलांना गेले आणि शाळेतले शिकवणे बंद झाले. तोवर तो नास्तिक नव्हता. पुढे झाला.

घर सुटले, पोटासाठी पलटणीत भरती झाला, मग वकिलाकडे कारकुनी आणि रात्री व्याख्याने. १८६६ मध्ये त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. 'देव नाही' असे तो म्हणत नसे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 'देव' या शब्दातून मला कसलाच स्पष्ट अर्थबोध होत नाही, मग मी नाकारू तरी काय, असे त्याचे म्हणणे असे.

१८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्याला कॉमन्स सभेवर पाठवले. तिथे देवाच्या नावाने शपथ घ्यावी लागे. क्वेकर पंथीयांना साध्या प्रतिज्ञेची सवलत होती. तीच मला द्या, असे तो म्हणाला. सभागृहाच्या समितीने नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, 'ठीक आहे, शपथ घेतो. तिच्यातले काही शब्द मला निरर्थक वाटतात, पण वचन म्हणून ती मला बंधनकारक राहील.' मला वाटते, इथे ब्रॅडलॉ चुकला. विरोधकांच्या हाती त्याने आयतेच कोलीत दिले. विन्स्टन चर्चिलचे वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आणि त्यांचे साथीदार तुटून पडले : प्रतिज्ञा करायची तर कायदा नाही आणि शपथ घ्यायची तर ती देवाची विटंबना! तीन वर्षांपूर्वी अ‍ॅनी बेझंट यांच्याबरोबर संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला होता, तोही उकरून काढण्यात आला.

पण या प्रकरणाची खरी मेख वेगळीच होती. त्या सभागृहात देव न मानणारा ब्रॅडलॉ एकटाच होता असे थोडेच आहे? बाकीच्यांनी मुकाट्याने बायबलावर हात ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. खोटे बोलणाऱ्याला दार उघडे आणि खरे सांगणाऱ्याला बंद. न्यायालयांतही १८६९ पर्यंत हेच चालत असे. देव मानत नाही असे सांगणाऱ्याची साक्षच घेत नसत. जो देवाला भीत नाही तो खरे कशाला बोलेल, हे त्यामागचे तर्कशास्त्र. यातली विसंगती जॉन स्टुअर्ट मिलने फार पूर्वीच दाखवली होती.

जून १८८० मध्ये सभागृहातून जायला नकार दिला म्हणून ब्रॅडलॉला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडून ठेवले. ऑगस्ट १८८१ मध्ये त्याला ओढत बाहेर काढले, अंगातला कोट फाटला. जागा रिकामी ठरे, पोटनिवडणूक होई आणि नॉर्थॅम्प्टनचे लोक पुन्हा त्यालाच निवडून देत.

आणि त्याच्या बाजूने सर्वांत चांगले भाषण कोणी केले? पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी, म्हणजे पक्क्या श्रद्धाळू गृहस्थाने. १८८३ मध्ये प्रतिज्ञेला मुभा देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी विचारले की माणसांशी काडीचाही संबंध नसलेला कुठला तरी अंधूक देव मानणारा इथे चालतो. मग या अटीने धर्माचे रक्षण कसे होते? विधेयक २९२ विरुद्ध २८९, म्हणजे तीन मतांनी पडले.

अखेर जानेवारी १८८६ मध्ये सभापती पील यांनी कोणाची हरकत न ऐकता त्याला शपथ घेऊ दिली. दोन वर्षांनी त्याने स्वतःच पुढाकार घेऊन प्रतिज्ञेचा कायदा मंजूर करून घेतला.

हिंदुस्थानचे प्रश्न तो पार्लमेंटात इतके मांडी की त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत. १८८९ च्या डिसेंबरात, मोठ्या आजारातून उठून, तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. प्रतिनिधी होते बरोबर १८८९! पुढे लाहोरमध्ये त्याच्या नावाचा हॉल उभा राहिला. तिथल्याच नॅशनल कॉलेजात भगतसिंग शिकले.

२७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्स सभेने त्याच्याविरुद्धचा १८८० सालचा ठराव आपल्या दप्तरातून पुसून टाकला. ब्रॅडलॉ तेव्हा मृत्युशय्येवर होता. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नाही. तीन दिवसांनी तो गेला. अंत्यविधी कमीत कमी खर्चात व्हावा, भाषणे होऊ नयेत, असे त्याने लिहून ठेवले होते.

वोकिंगजवळच्या दफनभूमीत त्या दिवशी लंडनमधले बरेच हिंदी लोक होते. त्यांत एकवीस वर्षांचे गांधीजी होते. काही पाद्रीही मानवंदना द्यायला आले होते. परतताना स्टेशनवर पाहिलेला एक प्रसंग गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितला आहे. एका कट्टर नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले. देव मानता ना? पृथ्वीचा घेर अठ्ठावीस हजार मैल आहे हे मान्य ना? मग तुमच्या देवाचा आकार सांगा आणि ठिकाण सांगा. तो तुमच्या-माझ्या हृदयात राहतो, असे पाद्री हळूच म्हणाले. मला पोर समजू नका, असे म्हणून त्या गृहस्थाने विजयी मुद्रेने भोवती पाहिले. पाद्री गप्प राहिले. गांधीजी लिहितात, या संवादाने नास्तिकतेविषयी माझे मन आणखीच कलुषित झाले.

पृथ्वीचा घेर, जाता जाता सांगतो, पंचवीस हजार मैलांच्या आसपास आहे.